मालकाचे उत्तर: पाच दिवस आणि पुसलेला एक ‘एन’

नमस्कार साहेब,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. ‘दोन अक्षरं वाचायला पाच दिवस, वर सहाशे रुपये, आणि पणजोबांची खडकीची पुंगळी इंग्लंडची करून टाकली,’ असं तुम्ही लिहिलंय. (पुंगळी म्हणजे तोफगोळ्याच्या मागचं, दारू भरायचं पितळी नळकांडं.) तिसऱ्या दिवशी तुमच्या दोन फोनना उत्तर गेलं नाही, ती चूक आमचीच. मनापासून माफी मागतो. पण ते पाच दिवस कशात गेले हे इथे सांगावंच लागेल. रिव्ह्यू वाचूनच लोक दुकानात यायचं की नाही ते ठरवतात, आणि आमचं पोट याच कामावर आहे.

पुंगळी आली तेव्हा बुडाला बफ मारलेला होता. पावतीवर ‘बूड पॉलिश केलेले, अक्षरे अस्पष्ट’ असं तुमच्यासमोर लिहिलं, खाली तुमची सही आहे. बफच्या चाकाखाली खोल ठोकलेली अक्षरं टिकतात, उथळ ठसे जातात. ‘१८ पी आर’ आणि पुढचा रोमन दोन स्वच्छ वाचता येत होता, म्हणजे १८ पाउंडर तोफेची पुंगळी, मार्क दोन. मापही जुळलं: लांबी २९५ मिमी, तोंड ८४ मिमीच्या गोळ्याचं. बुडावर बाणही होता, पण ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण, कारखान्याची नव्हे. एवढं पहिल्या दहा मिनिटांत झालं होतं आणि तेव्हाच तुम्हाला सांगितलंही होतं. अडलं ते कारखान्याच्या खुणेवर.

तिथे नुसत्या डोळ्यांना एक ‘के’ दिसत होता, मग मोकळी जागा, आणि बऱ्याच पलीकडे ‘एफ’. तुम्ही ते जोडून ‘के एफ’ वाचलंत. .३०३ रायफलच्या काडतुसांवर ‘के एफ’ म्हणजे खडकीचा कारखाना, हे खरं आहे, त्यामुळे तुमचा समज निराधार नव्हता. पण हा ‘एफ’ दुसऱ्याच ठशातला. त्याच्या अलीकडे अर्धा झिजलेला ‘सी’ आहे. ‘सी एफ’ म्हणजे कॉर्डाइट (बिनधुराची दारू), फुल चार्ज. पुंगळी भरताना दारूचा पूर्ण भार घातला होता एवढंच ती खूण सांगते. काही जण तिला कोलकात्याच्या काशीपूरचा कारखाना समजतात, तेही चूक.

उरला ‘के’. तो एकटा असेल तर कायनॉक, पुढे ‘एन’ असेल तर किंग्ज नॉर्टन मेटल कंपनी. दोन्ही बर्मिंगहॅमच्याच, पण कंपन्या वेगळ्या, आणि मोकळी जागा नेमकी एका अक्षराएवढी. ठशात पॉलिशची पांढरी पूड मेणासारखी घट्ट बसली होती. चिंच किंवा लिंबू लावलं असतं तर तासाभरात पितळ उजळलं असतं, पण आम्ल उरलेल्या ठशाची धार खातं. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि दर वेळी पूर्ण सुकू देणं. दिवस त्यातच गेले. मग अंधारात टॉर्च बुडाला जवळजवळ टेकवून, पुंगळी थोडी थोडी फिरवत प्रत्येक कोनातून फोटो. शेवटी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने चार ठसे घेतले. तीन कागदांवर ‘एन’ची डावी उभी रेघ आणि तिरक्या रेघेचा वरचा तुकडा उतरला, चौथ्यावर काहीच नाही. म्हणून अहवालात ‘बहुधा किंग्ज नॉर्टन’ लिहिलं. तो ‘बहुधा’ तुम्हाला पैसे उकळणं वाटला, याचं वाईट वाटलं. उजवी रेघ कुठेच नाही, मग ठाम लिहायचं कशाच्या जोरावर?

वर्षाबद्दलही. तुम्ही दिलेलं १९१७ हे वर्ष बुडाच्या मधोमध बसवलेल्या प्रायमरवरचं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागावरचं आहे. तो आटे असलेला वेगळा भाग, त्याच्या खुणा त्याच्यापुरत्या. पुंगळीवर १९१६ आहे. डागलेल्या पुंगळ्या परत नेऊन, आकारात आणून पुन्हा भरत, तेव्हा प्रायमर नवा येई. म्हणून तारखा जुळत नाहीत. आणि ठसा बर्मिंगहॅमचा निघाला म्हणून पणजोबांची आठवण खोटी ठरत नाही. पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक लढले त्या मेसोपोटेमियातही (आजचा इराक) १८ पाउंडर होती.

यापुढे पॉलिश झालेल्या वस्तूला किती दिवस लागतील ते आधीच लिहून देऊ, फोनचंही काहीतरी बघतो. चारही कागदी ठसे तुमचे आहेत, पाकिटात ठेवलेत.

एक विनंती मात्र आहे. अमोनियाचा वास येणारं पॉलिश या पितळेला लावू नका. ताण असलेल्या पितळेला त्याने तडे जातात. इंग्रजांच्या काळी इथल्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात याच कारणाने तडकत. प्रायमरही स्वतः फिरवून काढू नका. आणि कुणाकडे अशी पुंगळी पुढच्या गोळ्यासकट असेल, तर ती दुकानात आणू नका. जागच्या जागी राहू द्या आणि ११२ ला फोन करा.

तुमची पुंगळी पुन्हा बघायची असेल तर घेऊन या, फेरतपासणीचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत बुडाला बफ मारू नका, उरलेली रेघही जाईल.