नाशिकचे खड्डे आणि लो-फ्लोअर बसवरचा आळ

सोसायट्यांच्या आणि वॉर्डांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: लो-फ्लोअर बस, म्हणजे दारात पायऱ्या नसलेली खालच्या फ्लोअरची बस, हे दिल्ली-मुंबईचे चोचले. नाशिकच्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर ती घासणार, पावसात पाणी आत शिरणार. व्हीलचेअरवाले बसने फिरतातच कुठे? आणि फारच वाटलं तर उंच बसला लिफ्ट बसवा, पैसे वाचतील.

आधी घासण्याचं बघू, कारण बहुतेकांना तेच पटतं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २०१३ मध्ये शहर बसचे निकष काढले. त्यांत फ्लोअरच्या उंची ४०० (लो-फ्लोअर), ६५० (मधली) आणि ९०० मिमी (उंच बस) अशा आहेत. हे आकडे प्रवासी पाय ठेवतो त्या जागेचे आहेत, बसच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेचे नव्हेत. उंच बस उंच असते ती खड्ड्यांना घाबरून नाही, तर ट्रकच्या धाटणीच्या चासीवर बांधलेली असते म्हणून: सरळसोट फ्रेम, खाली स्प्रिंगचे पाटे आणि त्या सगळ्यावर फ्लोअर. तिच्याखालीही मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा लोंबतोच. लो-फ्लोअरमध्ये इंजिन मागे जातं, पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांचं एअर सस्पेन्शन येतं, ॲक्सलचा मधला भाग खाली घेतलेला असतो आणि पुढच्या दारापासून मधल्या दारापर्यंत सपाट जागा मिळते.

बसचा चाकांच्या पुढे-मागे बाहेर आलेला भाग वेड्यावाकड्या उंचवट्यावर टेकू शकतो, हे खरं. पण रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने पार करण्यासाठी. त्यावरून लो-फ्लोअर बस जाते. बस टेकते ती गल्लीतल्या कुणीतरी रातोरात टाकलेल्या डांबराच्या ढिगाऱ्यावर, ज्यावर गरोदर बाईची रिक्षाही आदळते. तो ढिगारा काढायचा की सगळ्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या उंच पायऱ्या चढायच्या?

पाण्याचं उत्तर छोटं आहे. ४०० मिमी म्हणजे जवळपास गुडघाभर. एवढं पाणी रस्त्यावर असेल तर कुठलीच शहर बस त्यात घालू नये. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला गोदावरीचा पूर लागतो, त्या दिवशी जवळच्या भांडीबाजाराकडे बस न्यायचा विचार कुणी करत नाही.

आता ‘व्हीलचेअरवाले फिरतातच कुठे’. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. ज्या दारातून आत जाताच येत नाही त्या दारात माणसं दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून दार बदलायचं नाही! शिवाय हा प्रश्न व्हीलचेअरपुरता नाहीच. ९०० मिमी म्हणजे घरातल्या १५ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्यांएवढी चढण, आणि ती बसच्या दारात दोन-तीन पायऱ्यांत कोंबलेली असते. निमाणीच्या थांब्यावर भाजीची पिशवी घेऊन चढणारी मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, कडेवर पोर असलेली आई, पांढरी काठी घेतलेला विद्यार्थी, सीबीएस बसस्थानकावर पाय प्लास्टरमध्ये घेऊन उभा असलेला कॉलेजचा पोरगा, सगळे त्या पायऱ्यांशी झटतात. एक आजोबा दांडा धरून वर येईपर्यंत मागची रांग आणि वाहक दोघंही ताटकळतात. पायरीच नसेल तर बस थांब्यावरून लवकर हलते, म्हणजे धडधाकट माणसाचाही वेळ वाचतो. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत उतरणाऱ्या भाविकांमध्ये म्हातारी माणसं किती असतील, याचा अंदाज नाशिककराला वेगळा सांगायला नको.

कायद्याच्या नजरेतही ही सोय म्हणजे मेहरबानी नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४१ मध्ये वाहतुकीची साधनं वापरता येण्याजोगी करणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलं आहे, आणि मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसन, आधाराचे दांडे, व्हीलचेअर आत घेण्याची आणि अडकवण्याची सोय हे सगळं आलं.

लिफ्ट? ती उंच बसला लागते हे खरं, पण ती चालवायला वाहकाने खाली उतरायचं, बस तेवढा वेळ थांबवायची आणि यंत्र गंजलेलं नसायला हवं. ती एकट्या व्हीलचेअरच्या कामाची; बाकी सगळ्यांना पायऱ्या तशाच. मुळात ती लागते ती उंचीच्या फरकामुळे. १५० मिमीच्या फुटपाथवरून ४०० मिमीच्या फ्लोअरला २५० मिमी उरतात, बस त्या बाजूला थोडी झुकली की आणखी कमी. साधारण दीड मीटरच्या रॅम्पने, म्हणजे उतरत्या फळीने, भागतं. ९०० मिमीला उरतात ७५०. तेवढ्याच चढाचा रॅम्प साडेचार मीटरचा होईल. तो शालिमारच्या थांब्यावर उघडून दाखवा.

उंच बस सगळीकडे वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. अहमदाबादच्या बीआरटीएसमध्ये, म्हणजे वेगळ्या मार्गिकेवरच्या जलद बससेवेत, फलाटच बसच्या फ्लोअरच्या पातळीत आणलाय. माणूस घरातल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जावा तसा आत जातो. आपल्याकडे तसे फलाट नाहीत आणि सगळ्या थांब्यांवर बांधायला जागाही नाही.

पैशांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. लो-फ्लोअर बस महाग पडते आणि चाकांच्या कमानींमुळे काही आसनं कमी होतात. पण शहर बस इथे ठेकेदाराकडून किलोमीटरच्या दराने घेतली जाते. निविदेत फ्लोअरची उंची आणि रॅम्प लिहिला नाही, तर ठेकेदार तो स्वतःहून का देईल? आणि लिहिला तरी थांब्यासमोर रिक्षा उभ्या असतील, तर बस फुटपाथपासून चार फूट लांब थांबणार, रॅम्प सरळ रस्त्यावर टेकणार आणि त्याचा चढ दीडपटीहून जास्त होणार. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी रोजच्या थांब्यावर तेवढं एकदा मोजून बघावं.