रेंजला शिव्या घालण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

लिहिण्याचं ॲप सिंक होताना, म्हणजे फोनमधला मजकूर क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) चढवताना, बंद पडलं तर काय करावं, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. सगळ्यांनी ती वाचली असेलच असं नाही, म्हणून आधी ती इथं देतो : “हे सगळं पुण्या-मुंबईत वाय-फायखाली बसून लिहिणाऱ्यांसाठी. आमच्या गावात माळवदावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, लाईट गेली की टॉवरही गेला. कादंबरी लिहायलोय, सव्वा लाख शब्द झाले, एकाच फाईलीत आहेत. क्लाउडवर चढवायला गेलं की ॲप बंद पडायलंय. परवा परभणीला लेकीकडं गेलो, तिथं वाय-फाय होतं, तिथं बी तेच. दोष रेंजचा आहे आणि तुम्ही त्यावर दोन ओळी लिहून मोकळे झालात. माझा पोरगा तेच ॲप वापरतो, इंग्रजीत लिहितो, त्याचं कधी बंद पडत नाही. म्हणजे मराठीला सावत्र वागणूक. ॲप काढून परत टाकलं की काम होतं असं सगळे सांगतात, तेवढं सोडून तुम्ही पाल्हाळ लावलंय. त्यापेक्षा वही बरी.”

पहिलं म्हणजे, मी वसमतला राहतो. दुपारी लाईट जाण्याचं कौतुक मला नवीन नाही.

रेंजवर दोनच ओळी लिहिल्या, कारण तिचा या दुखण्याशी संबंध तेवढाच आहे. रेंज नसली की सिंक अडतं, रेंगाळतं, अर्ध्यावर लटकतं. गोल चक्र फिरत राहतं आणि आपण वैतागतो. पण नुसत्या रेंजपायी ॲप धाडकन बंद पडावं, असं सहसा होत नाही. आणि याचा पुरावा तुम्हीच दिलाय : लेकीकडं वाय-फाय होतं, तरी तेच झालं. रेंजचा दोष असता तर परभणीत कादंबरी सुरळीत वर चढली असती. तुमच्या प्रतिक्रियेतला माझ्या मते सगळ्यात कामाचा तपशील वेगळाच आहे, आणि तुम्ही तो जाता जाता लिहून गेलात. सव्वा लाख शब्द, एकाच फाईलीत.

आता पोराचं. तो इंग्रजीत लिहितो म्हणून त्याचं ॲप चालतं, हे अर्धं खरं आहे. ॲपला मराठीचा राग नाही, पण मराठी मजकूर साठवायला जागा जास्त लागते. ही जागा बाइटमध्ये मोजतात. इंग्रजीचं एक अक्षर साठवायला एक बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘शाळेतल्या’ हा शब्द घ्या. श, काना, ळ, मात्रा, त, ल, हलन्त, य, काना अशी नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. मराठी शब्दाला सरासरी सहा चिन्हं आणि पुढची मोकळी जागा धरली, तर शब्दामागं साधारण १९ बाइट पडतात. सव्वा लाख शब्दांचे झाले जवळपास २४ लाख बाइट. तेवढ्याच शब्दांची इंग्रजी कादंबरी सात-आठ लाखांत बसते.

हा आकडा महत्त्वाचा का, ते सांगतो. अँड्रॉइडवरची बरीच ॲप आपला मजकूर फोनमधल्या एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. एक टिपण म्हणजे त्यातली एक नोंद. ही नोंद वाचताना अँड्रॉइड एक ठरावीक मापाची खिडकी वापरतं, आणि ते माप सर्वसाधारणपणे २ एमबी असतं, म्हणजे सुमारे २१ लाख बाइट. एकच नोंद त्याहून मोठी झाली आणि ॲप बनवणाऱ्यानं त्यासाठी वेगळी सोय केलेली नसेल, तर वाचायला गेल्याबरोबर ॲप कोसळतं. कणगी दारापेक्षा मोठी विणली गेली तर ती आतच राहते, धान्य पोत्यापोत्यानंच बाहेर काढावं लागतं. तसं हे आहे. तुमचं ॲप आतून नेमकं कसं रचलंय हे मी उघडून पाहिलेलं नाही, पण लक्षण तंतोतंत जुळतं. लहान टिपणं बिनबोभाट वर जातात, कादंबरीची पाळी आली की ॲप बंद. पुन्हा उघडलं की सिंक तिथूनच सुरू होतं आणि पुन्हा बंद. तुमच्या पोराच्या वेगवेगळ्या नोट्स असणार, एकेक दोन-चार पानांची. त्यानं मराठीत लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

म्हणजे करायचं ते असं. फोन विमान मोडवर टाका आणि मग ॲप उघडा. नेटच नाही म्हटल्यावर सिंक जागचं हलणार नाही. ॲप आता नीट उघडलं, तर घोळ सिंकपाशी आहे एवढं कळलं. कादंबरी उघडा, पण कृपा करून ‘सगळं निवडा’ आणि ‘कॉपी’ करू नका. अँड्रॉइडमध्ये एका ॲपकडून दुसरीकडं मजकूर ज्या वाटेनं जातो, तिची मर्यादा आणखी कमी आहे, १ एमबी. तुमचा मजकूर तिथं बसणार नाही, आणि कॉपी दाबल्याबरोबर ॲप पुन्हा आपटेल. मग तुम्ही मला दुसरी प्रतिक्रिया लिहाल. एकेक प्रकरण निवडा, नव्या टिपणात डकवा, पुढचं घ्या. कंटाळवाणं काम आहे, रविवारची दुपार जाईल. सगळी प्रकरणं निघाल्यावर ती एकदा फाईल करून फोनमध्ये दुसऱ्या फोल्डरात ठेवा, जमलं तर मेमरी कार्डावरही. ती उघडतात याची खात्री झाली, की मगच मूळ थोरली फाईल ॲपमधून काढायची आणि ॲपची कचराकुंडीही रिकामी करायची. ती तिथं राहिली तर सिंक पुन्हा तिच्याशीच जाऊन अडेल. यानंतर विमान मोड बंद.

विमान मोडवरसुद्धा फाईल उघडत नसेल, तर लेकीकडच्या कॉम्प्युटरवर त्या ॲपची ब्राउझरमधली आवृत्ती असल्यास तिथून पाहा. क्लाउडवर शेवटची चढलेली प्रत तिथं मिळते. थोडी जुनी असेल, पण असेल.

आता ‘ॲप काढून परत टाका’. इथं मात्र मी जोरात बोलणार आहे, कारण हा सल्ला चहाच्या टपरीवर मिळतो तितक्याच सहज लोक अमलात आणतात. ॲप काढलं की त्याच्या खासगी जागेतला सगळा मजकूर फोनवरून पुसला जातो. क्लाउडवर जे चढलंय ते परत येतं, जे चढलेलं नाही ते येत नाही. आणि तुमची तक्रारच अशी आहे की कादंबरी चढत नाही! ज्यांचं ‘काम होतं’, त्यांचं सगळं आधीच वर गेलेलं असतं. अंबाजोगाईच्या एका मित्रानं दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा अशीच घालवली. ॲप झकास चालू झालं, कथा नव्हती. सेटिंगमध्ये शेजारी-शेजारी असलेल्या दोन बटणांचंही तेच. ‘कॅशे साफ करा’ दाबलं तर ॲपनं तात्पुरतं साठवलेलं तेवढं जातं, सहसा नुकसान नाही. ‘स्टोरेज साफ करा’ म्हणजे ॲप काढून टाकल्यासारखंच. घाईत बोट कुठं पडतंय ते बघत चला.

रेंजबद्दल तुमचं म्हणणं जिथं खरं आहे, तेही लिहितो. माळवदावर चढून रेंज धरता, ॲप उघडता, फोन खिशात घालून खाली येता. असं असेल तर सिंक पुरं होणं अवघड. चार्जिंगला नसलेला फोन स्क्रीन बंद होऊन पडून राहिला, की अँड्रॉइड मागं चाललेल्या ॲपचं नेट तोडतं आणि मधूनमधून थोडा वेळच मोकळं सोडतं. बॅटरी वाचवायची ही सोय अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. आणि नेमकं ते मोकळं सोडतं तेव्हा तुम्ही खाली ओसरीत, बिनरेंजचे. तेव्हा वर असेपर्यंत ॲप समोर उघडं ठेवा, स्क्रीन विझू देऊ नका, ‘सिंक झालं’ असं दिसलं की मग उतरा. बॅटरीच्या पर्यायांत त्या ॲपवरचं बंधन काढता येतं, तेही काढा. प्रकरणं वेगळी केल्यावर इथंही फायदा आहे : त्या दिवशी बदललेलं एक प्रकरण तेवढं वर जाईल, ते मिनिटभराच्या रेंजमध्येही जातं.

एकच प्रकरण दोनदा दिसायला लागलं तर घाबरू नका आणि घाईनं एक उडवूही नका. फोनवर रेंज नसताना लिहिलं, टॅबवरही तेच प्रकरण बदललं, की बरीच ॲप दोन्ही प्रती ठेवतात. ते चांगलंच आहे. मराठीत याचा एक चमत्कारिक प्रकारही होतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. मग एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात आणि शोधल्यावर एकच सापडते. प्रकरणांना ०१, ०२ अशी नावं दिली की ही कटकट मिटली.

जागेचंही एकदा बघून घ्या. ॲपची प्रत गूगल ड्राइव्हवर जात असेल तर फुकटचे १५ जीबी मेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून असतात. शाळेच्या ग्रुपवरचे सुप्रभात त्यात किती आहेत, ते तुम्हीच मोजा. जागा संपली की सिंक मुकाट थांबतं.

वहीबद्दल माझं भांडण नाही. फक्त सव्वा लाख शब्द पुन्हा कोणी टाइप करायचे ते आधी ठरवा.

एवढं करूनही बंद पडलं, तर नुसतं ‘बंद पडायलंय’ लिहू नका, काय दिसतं ते लिहा. ‘ॲप थांबलं’ अशी पाटी येते, ‘प्रतिसाद देत नाही’ अशी येते, की काहीच न सांगता ॲप गायब होतं? पहिलीत ॲप स्वतः कोसळलेलं असतं, दुसरीत ते कशात तरी गुंतून पडलेलं असतं. गायब झालं तर बऱ्याचदा फोनची रॅम कमी पडलेली असते, तेव्हा बाकीची ॲप बंद करून बघावं लागेल. आणि त्याच दिवशी फोनमधली चार-पाच वेगळी ॲपही बंद पडत असतील, तर लिहिण्याच्या ॲपला हातच लावू नका. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या भागात (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) बिघाड झाला होता तेव्हा लोकांची कितीतरी ॲप एकदम कोसळली होती, आणि दुरुस्त अपडेट आल्यावर ती आपोआप उभी राहिली.

ॲपवाल्यांना मेल करणार असाल तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती, आणि फाईलीत किती शब्द आहेत ते जरूर घाला. सव्वा लाखाचा आकडा पहिल्याच ओळीत टाका. इंग्रजीत लिहायला अडचण असेल तर पोराला बसवा, त्याचं ॲप चालूच आहे.