बंड्याचा दमा, आमचं लिटर आणि तुमचा एक स्टार

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. लगेच उत्तरही लिहिलं होतं, पण ते रागातलं होतं, सकाळी पुसून टाकलं. हे दुसऱ्यांदा लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाळीत आठ दिवस तुमच्या बोक्याला, बंड्याला, आमच्या मांजरांच्या पाळणाघरात ठेवलं आणि आम्ही त्याला आजारी पाडलं. घरात उदबत्तीचा वास होता. तुम्हाला न विचारता मध्यरात्री डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एक्सरेसुद्धा आधी काढला नाही, आणि ५,४०० रुपयांचं बिल तुमच्या हातात ठेवलं. बोका घरी आला तो वाळून. "साधी बाम घालून वाफ दिली असती तरी भागलं असतं," असं शेवटी लिहिलंय.

आधी आमची चूक सांगते, कारण ती तुम्हाला माहीतच नाही. तुमच्या रिव्ह्यूत ती कुठे नाही. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही दिलेलं लिटर, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायचा भराव, संपलं. तुम्ही लाकडाच्या भुश्याच्या गोळ्यांचं दिलं होतंत आणि हेच वापरा म्हणून दोनदा बजावलं होतंत. आमच्याकडच्या मुलाने कपाटातलं मातीचं लिटर ट्रेमध्ये ओतलं, कारण बाकी सगळ्या मांजरांना तेच असतं. ज्याने कुणी हे लिटर पिशवीतून ओतलंय त्याला माहीत आहे, पिठाच्या गिरणीसारखा धुरळा उडतो. वर आपला बोका त्यात शिरून खणणार, पुरणार, पाय झाडणार, आणि नाक ट्रेपासून चार बोटांवर. दम्याच्या मांजराला याहून वाईट काय द्यायचं? मुलाला बोल लावत नाही. पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवायची ती मी चिकटवली नव्हती.

दुसरी चूकही माझीच. तुमच्या पिशवीत त्याचा रोजचा पंप होता, मास्क लावलेला स्पेसर (पंपाचं औषध श्वासातून आत जावं म्हणून त्याला जोडायची नळी) होता, पण निळा पंप नव्हता. रोजचा पंप श्वासनळ्यांची सूज हळूहळू उतरवतो, त्याचा पुरा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ऐन वेळी धाप लागली तर काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो तो निळा. पिशवी घेतानाच मी विचारायला हवं होतं. दिवाळीच्या गर्दीत, दारात तीन बास्केटा आणि एक रडणारी पर्शियन मांजर, राहून गेलं.

आता त्या रात्रीबद्दल. दमेकरी मांजर आलं की आम्ही ते गाढ झोपलेलं असताना श्वास मोजतो. छाती वर गेली, खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे. झोपेत तिसाच्या आत असेल तर आम्ही निवांत असतो. बंड्याचे पहिले चार दिवस वहीत २२, २४, २४, २६ असे आहेत. पाचव्या रात्री ३४ भरले. मी ते फटाक्यांच्या धुरावर ढकललं, खिडक्या लावल्या, दाराखाली ओला टॉवेल सारला आणि झोपले. लिटर आठवलंच नाही. हे लिहिताना अजून वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. रात्री पावणेबाराला तो जमिनीला पोट टेकून, मान पुढे ताणून खोकायला लागला. हे दिसतं अगदी केसांचा गोळा काढताना दिसतं तसं, पण बाहेर काही पडत नाही. पाच मिनिटांनी त्याने तोंड उघडलं आणि तोंडानेच श्वास घ्यायला लागला. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो तेव्हा आपण कौतुकाने बघतो. मांजर तोंडाने श्वास घेतंय म्हणजे ते जिवाशी आलंय. मोजले तर मिनिटाला ५६. तुम्हाला तीन फोन केले, लागले नाहीत. चौथा करत बसले नाही आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. ताई, तो माझा असता तरी मी हेच केलं असतं. तातडी आली तर डॉक्टरांकडे न्यावं, ही तुमची संमती फॉर्मवर होती. नसती तरी नेलं असतं आणि मग तुमच्याशी भांडले असते.

बास्केटचं वरचं झाकण काढून त्याला टॉवेलसकट अलगद आत ठेवला. कुरवाळला नाही, मांडीवर घेतला नाही, गाडीचा एसी लावला आणि गप्प बसलो. एरवी घोडबंदर रोडला मी तोंडाचा पट्टा बंद ठेवत नाही. पण अशा मांजराला धरपकड झाली की ते घाबरतं, घाबरलं की आणखी हवा लागते, आणि ती तर त्याला मिळतच नसते. डॉक्टरांनीही तेच केलं. आधी ऑक्सिजनच्या पेटीत, मग दोन इंजेक्शनं, मग अर्धा तास नुसतं काचेतून बघणं. एक्सरे सकाळी काढला. त्या अवस्थेत मांजराला आडवं पाडून पाय ताणून धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. फोटो मिळाला असता, बोका नाही. एक्सरे उशिरा काढला ही तुमची तक्रार माझ्या लेखी त्या डॉक्टरांचं कौतुक आहे.

वाफेचं मात्र वाचून पोटात गोळा आला. कृपा करून बामची वाफ देऊ नका, घरीही नाही. त्यातला कापूर आणि निलगिरीचं तेल मांजराला बाधतं. माणसाच्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, त्याच्या यकृताला ती पचवताच येत नाही. हिरड्या तपकिरी, निळसर पडतात, आणि श्वास तर आणखीच लागतो.

उदबत्ती. आमच्याकडे सहा वर्षांत उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, रूम फ्रेशनर यांतलं काही लागलेलं नाही. सासूबाईंनी पहिल्या वर्षी बराच अबोला धरला होता, आता देवाला फुलं आणि समई यावर त्यांचं भागतं. तुम्ही न्यायला आलात तेव्हा वास होता हे खरं, तो खालच्या मजल्यावरचा. दिवाळीत मी लोकांची देवपूजा थांबवू शकत नाही. आमच्या खोलीत एअर प्युरिफायर चालू होता, तो तुम्हाला दाखवायला हवा होता.

वजन येताना ६.१ किलो, जाताना ५.९५. धाप लागलेलं मांजर खात नाही, कारण गिळायचं की श्वास घ्यायचा यातलं एकच जमतं. दीड दिवस त्याने तोंड लावलं नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येतं, म्हणून त्याला कोमट केलेलं ट्यूना बोटाने चाटवलं, तेव्हा कुठे तो सुरू झाला. पण वाळला म्हणालात त्यावर एक बोलू का? ६.१ हे वजन दम्याला बरं नाही. त्याच्या डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील.

पैशाचं. लिटर आमच्या चुकीने बदललं, तेव्हा डॉक्टरांचे ५,४०० आम्ही सोसतो. ते आणि पाचव्या दिवसापासूनच्या चार दिवसांचे २,६०० असे एकूण ८,००० आज दुपारी तुमच्या नंबरवर पाठवले आहेत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही. लिटरचं त्यात घातलंत तरी चालेल, ते जास्त खरं होईल. पुढच्या वेळी आणाल की नाही तुमची मर्जी. आणलात तर निळा पंप बघितल्याशिवाय बास्केट आत घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल इथे राहिलाय. झटकून घडी घातलीय, पण मुद्दाम धुतलेला नाही, धुतला तर त्याचा वास जाईल. रविवारी माझा भाऊ तुमच्या बाजूला येतोय, चालत असेल तर त्याच्याकडे देते.