एचएमव्हीचं कुत्रं हल्ली काय विकतं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड फिरत होतं. कॅसेटच्या जुन्या दुकानाचा फोटो आणि खाली मजकूर, की मुंबईचं रिदम हाउस गेलं, पुण्याचं अलूरकर गेलं, मराठी माणूस मिसळीला रांग लावेल पण गाण्याला चार पैसे देणार नाही, आणि शेवटी नेहमीचं पालुपद, परदेशात बघा, लोक अजून दुकानात जाऊन रेकॉर्डी घेतात, जपतात. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणतेय अगदी बरोबर, आपल्याला कदरच नाही. दुसरी म्हणतेय फोनमध्ये सगळं मिळतंय तर ती अडगळ घरात कशाला. आणि मग एकाने मला ओढलंच, "तू सांग गं, तू तिकडेच आहेस ना."

सांगते की. पण आधी ते "परदेशात बघा" जरा बाजूला ठेवा, कारण इकडचं काय झालंय ते बघितलंत तर तुमचं फॉरवर्ड पहिल्या ओळीलाच आपटतं.

आपल्याकडे एचएमव्ही म्हणजे कॅसेटवरचं ते कुत्रं, भोंग्यापुढे कान देऊन बसलेलं. मला लहानपणी ती आपलीच कंपनी वाटायची, कोलकात्याजवळ डमडमला फॅक्टरी वगैरे. त्या कंपनीचं नाव २००० साली सारेगामा झालं. इकडे लंडनला आल्यावर कळलं की एचएमव्ही म्हणजे दुकान. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९२१ साली उघडलेलं, उद्घाटनाला एडवर्ड एल्गार, म्हणजे इथला त्या काळचा सगळ्यात मोठा संगीतकार. तर हे शंभरी गाठायला आलेलं दुकान जपलं का इंग्रजांनी? २०१३ च्या जानेवारीत कंपनी बुडाली, कुणीतरी वाचवली, २०१८ च्या डिसेंबरात परत बुडाली, मग डग पुटमन नावाच्या कॅनडाच्या माणसाने घेतली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटचं दुकान बंदच झालं. त्या जागेत काय आलं माहितीये? अमेरिकन गोळ्या-चॉकलेटचं दुकान. गुलाबी लाइट, अव्वाच्या सव्वा भाव, आणि आत टुरिस्ट.

आणि एचएमव्ही एकटं नाही. वूलवर्थ्स म्हणून एक साखळी होती, गल्लीगल्लीत, आठशेच्या वर दुकानं, पेन्सिलीपासून सीडीपर्यंत सगळं मिळायचं, ती २००८ चा ख्रिसमस झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत गायब झाली. तिचीच एक कंपनी दुसऱ्या दुकानांना सीडी-डीव्हीडीचा माल पुरवायची, तीही बुडाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेली झावी नावाची साखळी ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आडवी झाली. २०१३ ला ब्लॉकबस्टरवाले गेले, सिनेमे भाड्याने देणारे. २०२१ ला सेन्सबरीजने, म्हणजे आपण भाजी-दूध आणतो त्या सुपरमार्केटने, सांगून टाकलं की आता आम्ही सीडी-डीव्हीडी ठेवणार नाही. कुणी मोर्चे काढले नाहीत. त्या रॅकवर पुढच्या वेळी दुसराच माल होता आणि लोक ट्रॉली ढकलत पुढे गेले. मीपण गेले.

तर कदर वगैरे काही नाही हो. माणूस सगळीकडे सारखाच, सोयीचं दिसलं की तिकडे पळतो.

आता तुम्ही म्हणाल, पण मग रेकॉर्डी विकल्या जातायत त्या? जातायत. २०२३ च्या नोव्हेंबरात एचएमव्ही त्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या जागी परत आलं, चॉकलेटवाल्याला हटवून. सरकार महागाई मोजायला ज्या वस्तूंची यादी धरतं तिच्यात २०२४ साली एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, परत घेतली, १९९२ ला काढून टाकली होती. हे सगळं खरंय. पण एकदा आत जाऊन बघा. शिरल्या शिरल्या टीशर्ट, मोठ्या डोक्याच्या बाहुल्या, जपानी कार्टूनचा माल, पोकेमॉनची पाकिटं, कप, मोजे. एलपी आहेत, भरपूर आहेत, एक एक तीस-पस्तीस पौंडाला, म्हणजे साडेतीन-चार हजार रुपये धरा. सिनेमे मागच्या बाजूला, सीडी त्याच्याही पलीकडे. माझ्या मुलीने वाढदिवसाच्या पैशातून तिच्या आवडत्या गायिकेची एलपी आणली, पारदर्शक निळी, सुंदर आहे दिसायला, पण आमच्या घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. तिला विचारलं तर म्हणे ती वाजवायला नाहीये आई, गाणी तर फोनवर आहेतच. भिंतीवर लावलीय. माझं काही म्हणणं नाही, तिचे पैसे, तिची भिंत. पण याला तुम्ही "परदेशात कला जपतात" म्हणणार असाल तर मग आपल्याकडचे शोकेसमधले गणपतीपण मोजा.

ज्यांच्याकडे तीस पौंड नाहीत त्यांची बाजू बघायची तर चॅरिटी शॉपमध्ये जावं. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकतात ती दुकानं. आमच्या कोपऱ्यावरच्या एकात पूर्वी एक भिंत भरून डीव्हीडी असायच्या, एक पौंडाला एक, मग दोन, मग चार. हल्ली दारावरच चिठ्ठी लावलीय की कृपया डीव्हीडी आणू नका. गल्ल्यावर बसणाऱ्या आजी म्हणाल्या, कपडे विकले नाहीत तर निदान चिंध्यांवाला किलोवर नेतो, ह्या कोण नेणार.

आणि खरं सांगू का, आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना तर ह्या बदलाने निहाल केलंय. पूर्वी सामानात तेवीस किलोत भाजणी, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, आणि त्यात कोंबलेल्या सीडी. लंडनच्या पंजाबी वस्तीत, साउथॉलला, जावं तर पंजाबी ढीगभर, हिंदी ढीगभर. पंजाबी लोकांनी इथे स्वतःच्या कंपन्या काढल्या, बर्मिंगहॅमच्या ओरिएंटल स्टार एजन्सीजने तर नुसरत फतेह अली खान जगापुढे नेला. मराठीचं नाव काढलं की दुकानदार गुजराती भजनं दाखवायचा. आज मी कणीक मळताना नाट्यगीत लावते, एक बोट लागतं, तेही कोपराने लावता येतं. तेव्हा "अडगळ कशाला" म्हणणाऱ्या पार्टीला मी उगीच नावं ठेवणार नाही.

पण त्यांचं "सगळं मिळतंय" हे मात्र खोटं आहे, आणि माझं खरं भांडण तिथे आहे.

मिळतंय काय, तर मोठ्या कंपन्यांचं. एचएमव्हीचं मिळतं कारण सारेगामा ते परत परत विकते, २०१७ ला त्यांनी कारवाँ काढला, पाच हजार गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा, तो आपल्या सगळ्यांच्या आईवडिलांच्या उशाशी आहे. त्यांच्याकडे माल आहे, वकील आहेत, तो माल कुठे जात नाही. रिदम हाउसमध्ये जे मिळायचं त्यातलं बरंचसं आज कुठे ना कुठे ऐकायला मिळतं. रिदम हाउस २०१६ ला बंद झालं तेव्हा केवढे लेख आले, त्या इमारतीचं पुढे नीरव मोदी, ईडी, लिलाव असं काय काय झालं, ती बातमी झाली. पण आमच्या साताऱ्याच्या एसटी स्टँडसमोरचा कॅसेटचा ठेला बंद झाला त्याची बातमी झाली का? तो कधी गेला ते मलाच सांगता येणार नाही.

त्या ठेल्यावर काय असायचं ते आठवा. मांढरदेवच्या काळूबाईची गाणी, पालीच्या खंडोबाची गाणी, भारुडं, वगनाट्यं, शाहिरी, कुठल्यातरी महाराजांचं कीर्तन दोन भागात, लग्नातल्या बँडची कॅसेट, विनोदी बतावणी. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, कोरी टेप आणि कॉपी करायचं मशीन आलं की कुणीही कंपनी काढू शकत होता, आणि काढल्या लोकांनी, जिल्ह्याजिल्ह्यात. रेकॉर्ड काढायची तर एचएमव्हीच्या दारात उभं राहावं लागायचं, तिथे ह्या लोकांना कोण विचारणार होतं. कॅसेटने त्यांना वाट दिली. ह्यातलं काहीच काळा घोड्यापर्यंत, म्हणजे रिदम हाउसपर्यंत, गेलं नाही, आणि आज आपण रडतोय मात्र काळा घोड्याच्या आणि अलूरकरांच्या कर्वे रोडच्या नावाने.

यूट्यूबवर काही आहे, मान्य. कुणीतरी घासलेल्या टेपवरून चढवलेलं, नाव चुकीचं, मागे देवीचा फोटो, आणि अकाउंट बंद झालं की तेही गेलं. आणि नावांचं तर विचारूच नका. माझ्याकडे इथे वडिलांनी दिलेल्या मोजक्या कॅसेटी आहेत, त्यातल्या एका छोट्या कंपनीच्या कॅसेटचा आतला कागद काढून बघितला परवा. तीन घड्यांचा, मुंगीएवढी अक्षरं. मुख्य गायक, मागे सूर धरणारे झीलकरी दोघे, ढोलकी, तुणतुणं, पेटी, प्रत्येकाचं नाव आणि गावासकट, तालुकासुद्धा. कवन कुणाचं. रेकॉर्डिंग कुणी केलं. खाली कंपनीचा पत्ता, अमक्या पेठेत तमक्या मारुतीमागे. आता गाण्याच्या ॲपवर कुठलंही जुनं लोकगीत उघडा, एक नाव असतं, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये, नाहीतर नुसतं "विविध कलाकार". ढोलकीवाला गेला, त्याचा तालुका गेला. अलूरकरांसारख्या चोखंदळ माणसाने काढलेल्या शास्त्रीयच्या कॅसेटींचं निदान जाणकारांना माहीत तरी आहे की काय काय होतं. ठेल्यावरच्या मालाची यादीसुद्धा नाही कुणाकडे.

ही यादी का नाही, त्याला कारण आहे. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, पुस्तक छापलं की प्रकाशकाने ठरावीक सरकारी ग्रंथालयांना एक एक प्रत पाठवायची, त्यातलं एक मुंबईला, टाउन हॉलात. किती जण पाठवतात तो भाग वेगळा, पण निदान नियम आहे. कॅसेटला तो नियम कधी लागलाच नाही. गंमत म्हणजे इंग्लंडमध्येही नाही, पुस्तकाची प्रत द्यावीच लागते, ध्वनिमुद्रिकेची नाही. फरक इतकाच की इथे ब्रिटिश लायब्ररीने कायद्याची वाट न बघता गोळा करत करत साठ लाखांच्या वर रेकॉर्डिंग जमवली, आणि टेपा सडायच्या आत डिजिटल करायला लॉटरीच्या पैशातून मोठा निधी मिळवला. तुम्हाला परदेशाकडून उचलायचंच असेल तर हे उचला, दुकानं नको. तेही डोळे उघडे ठेवून, कारण २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि आवाजांची ती सगळी वेबसाइट बंद पडली ती कितीतरी काळ. डिजिटल केलं म्हणजे संपलं असं नसतं, मूळ टेप फेकायची नसते.

आणि आपल्याकडे करणारे नाहीत असंही नाही. सुरेश चांदवणकरांनी आणि त्यांच्या रेकॉर्ड संग्राहकांच्या सोसायटीने मुंबईत निघालेल्या "यंग इंडिया" ह्या देशी लेबलच्या रेकॉर्डी शोधून डिजिटल केल्या, ब्रिटिश लायब्ररीच्याच एका योजनेतून. ती ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची गोष्ट. त्यात कायदाही मदतीला येतो, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, त्यामुळे तेवढं जुनं असेल तर निदान तो हक्क तरी आडवा येत नाही. ऐंशी-नव्वदच्या कॅसेटींचं मात्र अवघड झालंय. हक्क सुटायला २०४०, २०५० उजाडणार. तोपर्यंत टेपेला बुरशी. आणि परवानगी मागायची तर मारुतीमागच्या त्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान असणार, मालक गेलेला, मुलांना माहीतच नाही की आपल्या बापाकडे चारशे कॅसेटींचे हक्क होते.

घाई अजून एका गोष्टीची आहे. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, जिकडे तिकडे सोसायट्या रिडेव्हलपमेंटला चालल्यात. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची म्हणून लोक माळे रिकामे करतायत. पितळेची भांडी ठेवतात, पुस्तकं लायब्ररीला देतात, कॅसेटी रद्दीवाला फुकटसुद्धा नेत नाही, मग त्या थेट कचऱ्याच्या गाडीत. माझ्या मावशीच्या घरी हेच झालं, तीन खोकी, मला कळलं तेव्हा बिल्डिंगच पाडलेली होती.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की आठवणी नंतर काढू, आधी माळ्यावर चढा. गाण्याचे नंतर बघू, पण आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि मला पाठवा, मी शनिवार-रविवारी बसून एक्सेलमध्ये भरते, कंपनी, गाव, कलाकार, साल असेल तर साल. सोसायटीचं काम निघालं असेल तर त्यांनी आधी पाठवा. आत्तापर्यंत दोघांनी पाठवलेत. एकाने सनई-चौघड्याचा, आणि "अडगळ कशाला" म्हणणाऱ्यानेच काळूबाईच्या सात कॅसेटींचे, सगळे उलटे आणि अर्धे धूसर, त्याला म्हटलं परत काढ, खिडकीपाशी जाऊन.