सुट्टीवर आलेला मेजर कसा वापरावा

तुमच्या सोसायटीतला एखादा मेजर परदेशातल्या पोस्टिंगवरून महिनाभराच्या सुट्टीवर आला असेल, तर त्याला लिफ्टमध्येच गाठावं. घरी जाऊ नये. घरी गेलं की चहा घ्यावा लागतो आणि त्याची बायको, म्हणजे मी, मध्ये मध्ये बोलते. आमच्या घोडबंदर रोडच्या इमारतीत तळमजल्यापासून अकराव्यापर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात फौज, आफ्रिका आणि पगार हे तिन्ही विषय उरकतात. "कुठे असता सध्या?" "साउथ सुदान." "अरे वा, आफ्रिका! आमचा भाचा नैरोबीला असतो, भेट होते का?" होत नाही म्हणाला तर तो शिष्ट झालाय असं समजावं. मग आवाज जरा खाली आणून खरा प्रश्न विचारावा, "डॉलरमध्ये देतात ना?"

त्याचं फौजेतलं खातं विचारायला विसरू नका. तो एएससी म्हणेल, आर्मी सर्व्हिस कोअर. तुमच्या मनात रणगाडा असतो, कमांडो असतो, निदान पॅराशूट तरी. निराशा लपवू नका. "म्हणजे रेशनिंग होय!" असं मोकळेपणानं म्हणा. आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकांनी तर वर सांत्वनही केलं, "असू दे, तेही कुणीतरी करायलाच हवं." हे 'तेही' १७६० सालापासून चालू आहे आणि कोअरचं ब्रीद 'सेवा अस्माकं धर्मः' असं आहे, हे सांगायला नवऱ्यानं तोंड उघडलं होतं. पण सातवा मजला आला.

एक पथ्य मात्र पाळा. दिवसभर काय करता, असं चुकूनही विचारू नका. विचारलंत, तर तो अंड्यांवर येईल.

मलकाल हे साउथ सुदानमधलं, नाईलच्या काठावरचं गाव. आपली बटालियन तिथल्या यूएन शांतिसेनेच्या तळावर आहे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत ट्रक चाकापर्यंत रुततो. विदर्भातल्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मग माल येणार तो नदीतून बार्जनं, नाही तर हेलिकॉप्टरनं. खाण्याचं सामान यूएनचा ठेकेदार देतो, शिजवतात आपलेच लोक, लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. ऑर्डर कित्येक आठवडे आधी लावायची, २८ दिवसांच्या हिशेबानं. माणशी रोजच्या ४५०० कॅलरी भरल्या पाहिजेत आणि माणशी खर्चाची मर्यादा ओलांडता कामा नये. चिकन वाढवलं की फळं आक्रसतात, फळं वाढवली की पनीर रुसतं. थोडक्यात, पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी आठशे माणसांना काय खावंसं वाटेल, हे या माणसानं आज ठरवायचं. आज रात्री मला काय खावंसं वाटतंय, हे त्याला लग्नाला बारा वर्षं होऊनही कळलेलं नाही.

तर अंडी. एका बुधवारी कागदावर बारा खोकी होती, एका खोक्यात ३६०, म्हणजे ४३२०. तळाच्या दोन खोक्यांतून पिवळं गळत होतं. नवरा आणि एक हवालदार पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवे बसले आणि एकेक अंडं हातात घेऊन मोजलं. २१७ फुटलेली. त्यांचे फोटो, त्यांचा फॉर्म, त्यावर तीन सह्या, शिवाय गाडीतलं तापमान किती होतं त्याचा वेगळा कागद. हे सगळं आटोपून तो लंगरात पोचला, तर रांगेतला पहिलाच जवान म्हणाला, "साहब, आज अंडा एक ही क्यों?" काडतुसं किती शिल्लक आहेत हे आठशेतल्या पन्नास जणांना ठाऊक असेल. अंडं एक की दोन, हे आठशेच्या आठशेंना ठाऊक असतं.

हे मला फोनवर कळतं. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा. शेजारणी विचारतात, "काय गं, काय म्हणाला?" लाजावं लागतं. २१७ म्हणाला, असं कसं सांगणार?

फ्लॅट भाड्यानं दिलेल्यांना त्याचं दुसरं काम पटकन समजेल. आपल्या फौजेच्या गाड्या, जनरेटर, धुलाईची यंत्रं हे सगळं यूएननं एक प्रकारे भाड्यानं घेतलेलं असतं आणि दर तीन महिन्यांनी त्यांचे लोक तपासणीला येतात. जनरेटर चालू होत नाही? त्याचं भाडं कापलं. म्हणजे इथे भाडेकरू येऊन घरमालकाचे नळ तपासतो आणि घरमालक आदल्या रात्री जागून वॉशर बदलत बसतो. अख्ख्या ठाण्यात हे चित्र कुठे दिसलं तर मला कळवा.

"पण तुमच्या खात्याला गोळीबार वगैरे नसेल ना," असं म्हणून त्याच्या पाठीवर थोपटायलाही हरकत नाही. ९ एप्रिल २०१३ ला याच देशातल्या जोंगलेई प्रांतात, गुमुरुकजवळ, यूएनच्या ताफ्यावर हल्ला झाला. सोबत संरक्षणाला असलेले ५ भारतीय सैनिक गेले आणि ताफ्यातले ७ नागरिकही. तो ताफा कुणावर चाल करून निघाला नव्हता. पिबोर ते बोर एवढाच रस्ता कापायचा होता. नवरा हे लिफ्टमध्ये सांगत नाही. घरीही एकदाच सांगितलं, तेही सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा.

आता त्याचा प्रत्यक्ष उपयोग. मे महिन्यात आमच्या सोसायटीला टँकर लागतात. कमिटीनं ठराव केला की मेजरसाहेब सप्लायमध्येच आहेत, तर सुट्टीत टँकरचं त्यांनी बघावं. तुम्हीही असाच ठराव करा, फक्त त्याच्या हाती बांबू लागू देऊ नका. आमच्या जमिनीखालच्या टाकीचा तळ पाच मीटर बाय चार. दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला, तर पाणी अर्धा मीटर चढायला हवं. नवऱ्यानं पहाटे साडेपाचला, हाफ पँटवर, बांबूला खडूनं खुणा करून मोजलं. चढलं ४१ सेंटिमीटर. त्यानं चलनावर ८२०० लिटर लिहिलं आणि खाली सही केली.

ड्रायव्हर आधी हसला. मग त्यानं चलन पुन्हा वाचलं, बाजूला जाऊन एक फोन केला आणि निघून गेला. पुढचे दोन दिवस टँकर आलाच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सत्त्याऐंशी मेसेज पडले, त्यांतला सर्वात सभ्य म्हणजे "मिलिटरीगिरी इथे चालत नाही". तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी कुणाचे तरी पाय धरून टँकर मिळवला आणि चलनावर दहा हजाराची सही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून केली. बांबू आता आमच्या बाल्कनीत आहे. त्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

सुट्टी संपली त्या रात्री त्याची बॅग तीनदा वजनकाट्यावर चढली. सासूबाईंनी हिंगाच्या चार डब्या आणि गोडा मसाला कोंबला होता. मसाल्याला वर्तमानपत्राचे सात थर, तरी पूर्ण पॅसेजला वास. लिफ्ट सातव्यावर थांबली. काका आत आले, बॅगेकडे बघून म्हणाले, "निघालात? मागच्या वेळची चॉकलेटं छान होती हं." ती अदिस अबाबाच्या विमानतळावरची होती, मलकालला चॉकलेट मिळत नाही, हे सांगायला नवऱ्यानं तोंड उघडलं.

"बरं, ते असू दे," काका म्हणाले. "आज सकाळपासून नळाला थेंब नाही. तुमच्याकडे त्या टँकरवाल्याचा नंबर असेल ना?"