शेजारची प्रत आणि लांबची प्रत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की शेजारच्या उपनगरात डेटाची क्षणाक्षणाला जुळणारी प्रत असताना शेकडो किलोमीटरवरच्या डीआर साइटचा (मुख्य ठिकाण बंद पडलं तर काम चालवायच्या पर्यायी जागेचा) माझ्या लेखातला आग्रह पतसंस्थांना विनाकारण खर्चात पाडतो. शिवाय ती लांबची प्रत मूळ डेटाच्या मागेच राहते. मागे राहते हे अगदी खरं, आणि ते मी लेखात नीट लिहायला हवं होतं.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन पोच घेऊन यायला एक मिलिसेकंद. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेतच सहाशेच्या वर, केबल त्याहून लांब. तिथे सिंक्रोनस रेप्लिकेशन, म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्यावरच नोंद पक्की मानायची पद्धत, लावलं तर प्रत्येक राइट (डेटाची नोंद) ती पोच येईपर्यंत ताटकळणार. म्हणून लांबची प्रत असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न बघता मागून भरली जाणारी, ठेवतात आणि काही सेकंदांचा, लिंक अडली तर काही मिनिटांचा डेटा जाईल हे आधीच मान्य करतात.

पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. अशा दिवशी दोन किलोमीटरवरच्या दोन्ही इमारती एकाच पाण्यात असतात आणि दोघींच्या जनरेटरचं डिझेल त्याच तुंबलेल्या रस्त्यावर अडकतं.

जवळची प्रत स्वतःच घात करू शकते, हेही सांगतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे (राष्ट्रीय शेअर बाजाराचे) व्यवहार ११:४० ला थांबले ते पावणेचारला सुरू झाले. एक्सचेंजनेच दिलेलं कारण असं: मुख्य ठिकाण आणि जवळची डीआर साइट यांच्यातल्या लिंक डळमळल्या, आणि त्यातून मुख्य ठिकाणचंच स्टोरेज सर्व्हरना दिसेनासं झालं.

राहिला खर्च. बाहेर प्रत न ठेवण्याची किंमतही पाहा. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं जी-ड्राइव्ह, तब्बल ८५८ टेराबाइट, जळून गेलं. एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती.

तुमच्या पतसंस्थेने लांब अख्खी साइट उभारावी असं मी म्हणत नाही. रोज रात्री एक प्रत दुसऱ्या शहरात जाऊ द्या, आणि तिथले जुने स्नॅपशॉट (त्या त्या दिवशीच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रती) इथून कुणालाही पुसता येणार नाहीत असं बघा. कारण डेटाबेसमधलं चुकून उडवलेलं टेबल रेप्लिकेशन शेजारच्या प्रतीतूनही इमानदारीने उडवतं. मग एखाद्या रविवारी फक्त त्या प्रतीवरून खातेउतारे काढून पाहा. किती तास लागले ते इथे जरूर लिहा.