रेषा कोणत्या कामाची?

माझे घर अमेरिकेतील कॅन्सस राज्यात आहे आणि मी काम करतो ते कार्यालय मिझुरी राज्यात. या दोन राज्यांची सीमा आमच्या महानगरातून ‘स्टेट लाइन रोड’ नावाच्या रस्त्याने जाते. रस्त्याच्या एका कडेची घरे एका राज्यात आणि समोरची दुसऱ्या राज्यात. रोज सकाळी मी तो रस्ता ओलांडतो तेव्हा कायदा बदलतो, करांचे दर बदलतात, गव्हर्नर बदलतो. वर्षाच्या शेवटी मला दोन्ही राज्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरावी लागतात आणि मिझुरीला भरलेल्या कराची वजावट कॅन्ससकडून मागावी लागते. मिझुरीतील कॅन्सस सिटी या शहरात काम करतो म्हणून कमाईवरचा त्या शहराचा एक टक्का करही देतो. येथे आलो तेव्हा हा सारा व्याप पाहून, इतक्या जुन्या देशाने एका शहराचे दोन तुकडे का राहू दिले असतील, असा प्रश्न मला पडला होता.

पुढे लक्षात आले की येथे राज्याची सीमा ही अनेक रेषांपैकी केवळ एक आहे. संघराज्याच्या अपील न्यायालयांच्या नकाशात कॅन्सस दहाव्या परिमंडळात येते आणि मिझुरी आठव्या. मध्यवर्ती बँकेच्या नकाशात मात्र संपूर्ण कॅन्सस आणि मिझुरीचा पश्चिम भाग एकाच जिल्ह्यात आहेत, तर पूर्व मिझुरी सेंट लुईसच्या बँकेकडे आहे. 1913 च्या ज्या कायद्याने हे बारा बँक-जिल्हे निर्माण झाले, त्यात स्पष्ट म्हटले होते की हद्दी व्यापाराच्या रुळलेल्या वाटा आणि सोय पाहून आखाव्यात आणि त्या राज्यांच्या सीमांशी जुळल्याच पाहिजेत असे नाही. हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ त्याचाच विचार करत राहिलो. आपत्ती निवारणाच्या नकाशात ही दोन्ही राज्ये आयोवा आणि नेब्रास्का यांच्यासह एका विभागात आहेत. कॅन्ससच्या पश्चिम टोकाच्या चार काउंट्यांचे, म्हणजे येथल्या जिल्ह्यांचे, घड्याळ उरलेल्या राज्यापेक्षा एक तास मागे असते. माझ्या घरी येणारे पाणी एका स्वतंत्र जल-जिल्ह्याचे आहे, ज्याचे संचालक मंडळ आम्ही मतदानाने निवडतो. मुलांच्या शाळा-जिल्ह्याची हद्द कोणत्याही एका शहराच्या हद्दीशी जुळत नाही. आणि शहरातील बससेवेसाठी दोन्ही राज्यांनी 1965 साली करार करून एक संयुक्त प्राधिकरण निर्माण केले, जे सीमेच्या दोन्ही बाजूंना बस चालवते.

माझा जन्म अमरावतीचा. आमच्या घरात स्वतंत्र विदर्भाची मागणी ही वादाची गोष्ट नव्हती, ती गृहीत धरलेली होती. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेली आश्वासने, 1955 साली फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची केलेली शिफारस आणि ती बाजूला सारून झालेले एकीकरण हे सारे मी पाठ्यपुस्तकाच्या आधी वडिलांच्या तोंडून ऐकले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर केलेल्या लेखनात ‘एक राज्य, एक भाषा’ आणि ‘एक भाषा, एक राज्य’ यांतला फरक दाखवून दिला होता आणि मराठी मुलखाची मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये सुचवली होती. दर हिवाळी अधिवेशनात नागपूरला हा प्रश्न पुन्हा वर येतो आणि दोन्ही बाजूंची तीच वाक्ये पुन्हा बोलली जातात. आता दूर राहून ती चर्चा वाचताना मला सर्वाधिक खटकते ते हे की आपण राज्याच्या एका सीमेवर भाषा, सिंचन, नोकऱ्या, रस्ते, न्याय आणि अस्मिता या सर्वांचा भार टाकतो आणि मग ती रेषा हलवायची की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक ठेवतो.

येथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याने माझ्या विचाराची दिशा बदलली. 2020 च्या जनगणनेत संपूर्ण कॅन्ससची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती. 2011 च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्याची साडेशेहेचाळीस लाख होती. महाराष्ट्राचे 11 कोटी 24 लाख लोक 36 जिल्ह्यांत विभागले, तर सरासरी एका जिल्ह्याच्या वाट्याला एका कॅन्ससहून अधिक माणसे येतात. त्या 29 लाखांच्या कॅन्ससमध्ये 105 काउंट्या आहेत, आणि प्रत्येकीचे कारभारी मंडळ व, एक काउंटी सोडता, शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुखही लोकांनी निवडलेले आहेत. आपल्याकडे तेवढ्याच लोकसंख्येच्या जिल्ह्याचा मुख्य सूत्रधार बदलीने येणारा जिल्हाधिकारी असतो. जिल्हा परिषदा आहेत, महापालिका आहेत, 1992 च्या दोन घटनादुरुस्त्यांनी त्यांना घटनात्मक स्थानही दिले. तरीही 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या नागपूरकराला मुंबई 800 किलोमीटरहून दूर वाटते, त्याला त्या काळात स्वतःच्या महापालिकेत जाब विचारायलाही निवडलेला माणूस नव्हता. मुंबईचे अंतर खरे आहे आणि त्याची वेदनाही खरी आहे, परंतु राजधानी नागपूरला आली तरी गडचिरोलीतील सिरोंचाच्या माणसाला ती दूरच राहील.

महाराष्ट्राच्या अंगावर आधीच किती वेगवेगळ्या रेषा आहेत, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. हवामान खात्याच्या 36 उपविभागांपैकी कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार आपले. त्यात कोकणाला गोवा जोडलेला आहे, कारण पाऊस राज्य पाहून पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अंमल गोव्यावरही चालतो आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी त्याचे नागपूर खंडपीठ आहे. नागपुरात रेल्वेचे दोन वेगळे विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा बिलासपूरला मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. महसुलासाठी विदर्भाचेही अमरावती आणि नागपूर असे दोन भाग आहेत. या रेषांवरून राज्याच्या सीमेइतका वाद कधी पेटला नाही, कारण त्या आपापल्या एका कामापुरत्या आहेत. मात्र यांपैकी एकाही विभागाला स्वतःचा पैसा नाही आणि लोकांनी निवडलेला आवाज नाही. येथला जल-जिल्हा आणि आपला महसुली विभाग यांतला खरा फरक इथे आहे.

या मुद्द्यावर विदर्भवादी मित्र जे उत्तर देतात ते वजनदार आहे आणि मी ते डावलू इच्छित नाही. ते म्हणतात, कामापुरते विभाग आम्हीही करून पाहिले. 1983 साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजला. 1994 साली घटनेच्या कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे आली. राज्यपालांवर निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी आली. आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्या मंडळांची मुदत संपली. अनुशेषाचा शब्द मात्र अजून जिवंत आहे. मंडळाचे सदस्य नेमलेले होते, त्यांना कर लावता येत नव्हता, त्यांच्या शिफारशीला मान द्यायचा की नाही हे मुंबईत ठरत होते. ज्या माणसाने हा अनुभव घेतला तो म्हणणारच की आमच्या देशात पैसा आणि विधिमंडळ ज्या एकाच रेषेच्या आत मिळते ती राज्याची, म्हणून आम्हाला ती हवी. या युक्तिवादाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. मी एवढेच दाखवू शकतो की त्या तीन मंडळांच्या आखणीतही एकच रेषा सर्व कामांना लावण्याची सवय होती. ‘उर्वरित महाराष्ट्र’ या एका नावाखाली पुण्याचे कारखाने, कोकणातील गावे आणि माण, खटाव, जत, आटपाडीचा दुष्काळी पट्टा एकत्र मोजला गेला. विदर्भाच्या आतही मेळघाट आणि नागपूर यांची एकच बेरीज झाली. सरासरी काढताच माण तालुक्याची तहान आणि मेळघाटातील बालमृत्यू दोन्ही पुसट झाले. वेगळे राज्य झाल्यावर हीच सरासरी पुन्हा काढली जाणार नाही, याची हमी कोण देईल?

बेळगावच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे, कारण तेथे रेषेखाली भाषा आहे आणि भाषेचा प्रश्न बससेवेसारखा संयुक्त प्राधिकरणाने सुटत नाही. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे. दरम्यानच्या काळात एक पिढी तेथे मोठी झाली. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने पाच विभागीय परिषदा निर्माण केल्या आणि सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक व आंतरराज्य वाहतूक हे विषय त्यांच्याकडे नावानिशी सोपवले. परंतु महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. ज्या दोघांनी समोरासमोर बसायचे ते दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूदही आहे, आणि मराठी शाळा, मराठीतील सरकारी कागदपत्रे, सीमाभागातील एसटी या रोजच्या गोष्टी त्या तरतुदीने निकालाची वाट न पाहता हाती घेता येतील. सीमाभागातील मराठी माणसाचा दावा यामुळे तिळभरही कमी होत नाही.

येथली व्यवस्था निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. कॅन्सस आणि मिझुरी ही दोन राज्ये अनेक वर्षे करसवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या पळवत राहिली. एकाच महानगरातील नोकऱ्या रस्त्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेल्या, नवे काम फारसे निर्माण झाले नाही आणि तिजोऱ्या मात्र हलक्या झाल्या. 2019 साली मिझुरीने कायदा करून आणि कॅन्ससच्या गव्हर्नरांनी आदेश काढून ती चढाओढ काही काळ थांबवली. त्याहून वाईट उदाहरण शाळांचे आहे. कॅन्सस सिटीतील ट्रूस्ट ॲव्हेन्यू हा रस्ता अनेक दशके कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वस्त्यांमधली भिंत मानला गेला आणि शाळांच्या हद्दींनी ती भिंत अधिक पक्की केली. आजही येथे घर घेताना लोक आधी शाळा-जिल्हा विचारतात आणि त्यानुसार घराची किंमत चढते. एका कामासाठी आखलेली छोटी रेषाही माणसांना वेगळे करू शकते, हे मी माझ्याच शेजारात पाहतो.

पाण्याबाबत तर अमेरिकेची राज्येही आपल्यासारखीच भांडतात. रिपब्लिकन नदीसाठी कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांनी 1943 साली करार केला, तरी नेब्रास्काने जास्त पाणी वापरल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2015 साली नेब्रास्काला 55 लाख डॉलर भरावे लागले. फरक इतकाच की तिन्ही राज्यांचे एक कायमचे मंडळ दरवर्षी खोऱ्याच्या पाण्याचा हिशेब मांडते आणि त्यामुळे न्यायालयात जाणाऱ्याच्या हाती आकडे असतात.

नव्या राज्याची वाट आपल्याकडे तुलनेने मोकळी आहे. अमेरिकेच्या घटनेनुसार एखाद्या राज्यातून दुसरे राज्य काढायला त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. 1863 साली यादवी युद्धाच्या काळात वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले, त्यानंतर तसे घडलेले नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली राज्याचे मत केवळ मागवायचे असते. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक फेटाळल्यावरही 2014 साली तेलंगणा झाले. तेव्हा विदर्भही होऊ शकतो, आणि लोकांना तो खरोखर हवा असेल तर माझा त्याला विरोध नाही. मात्र माझ्या काकांशी दूरध्वनीवर हा विषय निघतो तेव्हा मी आता त्यांना पेंचबद्दल विचारतो. नागपूर जे पाणी पिते ते मुख्यतः पेंच प्रकल्पाचे. नदीचा उगम मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात आणि तेथे चौरईचे धरण झाल्यापासून खालच्या तोतलाडोह जलाशयात येणारे पाणी कमी झाले. राज्य मुंबईचे असो की नागपूरचे, ते धरण मध्य प्रदेशातच राहणार. नदी मंडळांचा कायदा 1956 पासून अस्तित्वात आहे आणि त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. छिंदवाड्याचा शेतकरी आणि नागपूरची गृहिणी यांनी निवडलेली माणसे पेंचच्या एका मंडळात बसावीत आणि उन्हाळ्यापूर्वी धरणातला साठा एकत्र मोजावा, ही मागणी काकांना मान्य आहे. फक्त ती आधी की राज्य आधी, यावर आमचे अजून जुळलेले नाही.